संपाचे बारा दिवस

आदरणीय व्याहीबुवांना सादर नमस्कार. त्यातला निम्मा विहीणबाईंना पोचवावा.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे धडधाकट आहेत. विहीणबाईंचा खोकला थांबला का? (त्यांनी फोनवर सांगितलेलं औषध आमच्या हिने लगेच आणून मला पाजलं. मला खोकला नव्हता. असो.) आपल्या डोळ्यावरची पट्टी निघाल्याचं लेकीकडून कळलं, म्हणून लिहायचं धाडस करतो. फोनच केला असता, पण या घरात कुणी फोनवर बोलायला लागलं की बाकीचे पंखा बंद करून ऐकतात.

तर झालं असं. आपले चिरंजीव, म्हणजे आमचे जावई, कामासाठी बारा दिवस परगावी गेले, लेकही सोबत गेली, आणि घर आम्हा दोघांवर सोपवलं. घर म्हणजे काय, तर दिवाणखान्यातली ती माशांची काचपेटी. आपण ती पाहिली आहेच, पण तिच्याखालचं कपाट बहुधा उघडून पाहिलं नसेल. त्या कपाटात आणखी एक टाकी आहे. वरचं खारं पाणी काठावरून नळीवाटे तिच्यात उतरतं, गाळलं जातं, गरम होतं आणि पंप ते परत वर चढवतो. या खालच्या टाकीला संप म्हणतात. जाताना जावई दारातून म्हणाले, "बाबा, संपाकडे लक्ष ठेवा," तर हिला वाटलं त्यांच्या कचेरीतल्या लोकांनी काम बंद केलंय. मला मात्र शब्द ओळखीचा होता. चौतीस वर्षं पाणीपुरवठ्यात पंपचालक होतो मी. अख्ख्या गावाची टाकी माझ्या भरवशावर झोपायची. दीड हात लांबीच्या काचेच्या खोक्याचं मला काय कौतुक?

जावयांनी दोन पानी सूचना लिहून ठेवल्या होत्या. पाण्याची पातळी निळ्या पट्टीला लागून हवी. तापमान पंचवीस ते सव्वीस. पाण्याची वाफ होते पण मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या, गाळलेल्या पाण्याची, आणि ती एक यंत्र आपोआप घालतं. शेवटी लाल शाईत, खाली दोन रेघा मारून: 'नळाचं पाणी चालणार नाही.' व्याहीबुवा, मला हे लागलं. ज्या पाण्यावर तीन पिढ्या वाढल्या, ते चार माशांना चालत नाही! तरी मी गिळलं. सात वर्षांत जावयांनी माझ्यावर सोपवलेलं हे पहिलंच काम. एरवी आमचं बोलणं म्हणजे, "प्रवास कसा झाला?" "बरा झाला." की मग पुढल्या भेटीपर्यंत मौन.

पहिली चूक मी दुसऱ्याच दिवशी केली. ते आपोआपवालं यंत्र दुपारी माझ्या डुलकीच्या वेळी टक्‌टक्‌ करायचं, म्हणून बंद केलं आणि पाणी हाताने घालायला घेतलं. आता, आमच्या खात्यात टाकी जितकी भरलेली तितका माणूस निश्चिंत. मी संप काठापर्यंत भरला. निळी पट्टी पाण्याखाली गेली, पण मी म्हटलं, जावई तरुण आहेत, त्यांना साठ्याचं महत्त्व काय कळणार. चौथ्या दिवशी चार वाजता वीज गेली. पंप थांबला. वरच्या पेटीतलं काठाजवळचं आणि नळ्यांतलं सगळं पाणी मुकाट्याने खाली उतरलं आणि तेव्हा मला कळलं, की पट्टीच्या वरची जागा मोकळी का ठेवली होती! कपाटाच्या दारातून समुद्र बाहेर आला. हिने घरातले झाडून सगळे टॉवेल अंथरले, मग चादरी, मग माझा कोट. (कोट तिने मुद्दाम घेतला असं माझं मत आहे.) तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या बाई वर आल्या, छतातून थेंब पडतोय म्हणाल्या, त्यांनी तो चाखूनही पाहिला होता. "खारट लागतोय हो," त्या कुजबुजल्या. "घरात कुणी रडतंय का?"

वीज आली, पंपाने पाणी वर खेचलं आणि संप तळाला गेला. मी गाळलेलं पाणी घातलं खरं, पण एकदा पोळलेला माणूस, मुद्दामच पट्टीच्या चार बोटं खाली थांबलो. त्यामुळे पाणी तापवणारी काचेची नळी अर्धी उघडी पडली, कोरडीच तापली आणि सहाव्या दिवशी सकाळी तडकली. बाहेर गारठा. तापमापक चोवीस, मग साडेतेवीस. नारिंगी पट्ट्यांचं जोडपं कोपऱ्यात जाऊन बसलं. पिवळा मासा काचेशी येऊन माझ्याकडे बघत राहिला, आमचे जुने साहेब चुकलेल्या नोंदवहीकडे बघायचे, अगदी तसा.

मग हिने डोकं लढवलं. रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून, झाकणं घट्ट लावून संपात सोडायच्या. सोडल्या. तापमान चढायला लागलं, पण बाटल्यांनी जागा अडवली, म्हणून पाणीही चढलं! पूर परत येतोय म्हणून मी घाबरून तीन तांबे पाणी उपसलं. बाटल्या निवल्या म्हणून काढल्या, तर पातळी धाडकन खाली आणि पंप हवा ओढून घोरायला लागला. पाणी घातलं, तर ते गार. गरम करावं तर वाढतं, कमी करावं तर निवतं. दिवसभर ही स्वयंपाकघरातून बाटल्या आणतेय, मी कपाटापुढे फतकल मारून बसलोय, आणि आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी एकमेकांशी इतकं आम्ही कधी बोललो नव्हतो. त्यातले बरेचसे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

रोज संध्याकाळी जावयांचा फोन यायचा. "बाबा, तापमान?" मी म्हणायचो, "सव्वीस." "बरं," ते म्हणायचे, आणि फोन लेकीकडे द्यायचे. त्याही संध्याकाळी मी सव्वीसच म्हणालो. आवाज जरा चिरकला एवढंच.

सातव्या दिवशी माशांच्या दुकानाचे मालक दारात हजर. मी बोलावलं नव्हतं. इकडून चाललो होतो म्हणाले, पण हातात नवी तापननळी आणि मीठ कालवून तयार केलेल्या पाण्याचे दोन कॅन. कपाट उघडून बराच वेळ बघत राहिले.

"काका, तुम्ही काय करायचात?"

"पाणीपुरवठ्यात होतो."

"तरीच," म्हणाले, आणि कामाला लागले.

नळी बसवून, मीठ मोजून, पातळी पट्टीला आणून झाल्यावर त्यांनी मागच्या भिंतीवरची एक पांढरी डबी दाखवली. ही दर पाच मिनिटांनी तापमान जावयांच्या फोनवर पाठवते म्हणाले. व्याहीबुवा, म्हणजे माझ्या प्रत्येक 'सव्वीस'च्या वेळी खरा आकडा जावयांच्या हातात होता!

त्या संध्याकाळी फोन आला. "बाबा, तापमान?"

"तुम्हाला ठाऊक आहे," मी म्हणालो.

 मग ते म्हणाले, "काल नळी तडकल्यावर घसरलं ते कळलं. पण दुपारी परत चढलं, ते कसं चढवलंत?"

मी बाटल्यांचं सांगितलं. जावई हसले. माझ्याशी बोलताना पहिल्यांदाच हसले. "किती बाटल्या लागल्या?" त्यांनी विचारलं. आणि मग आम्ही पाऊण तास बोललो. लेक मागून फोन मागत होती, तिला मिळाला नाही.

मंडळी सुखरूप परतली, मासेही सगळे सुखरूप आहेत. खालच्या बाईंच्या छताला मी स्वतः रंग दिला. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
व्याही

ता. क. आमच्यानंतर पुढल्या महिन्यात इथे राहायला यायची पाळी आपली, हे लक्षात आहे. पण कपाट जमिनीलगत आहे, दिवसातून चाळीसदा उकिडवं बसावं लागतं. आपल्या गुडघ्यांची काळजी वाटते. आपली पाळी तीनेक महिने पुढे ढकलावी, अशी आग्रहाची विनंती. मी कसंबसं निभावून नेईन.

पुन्हा ता. क. इथे एक छोटं स्टूल आहे, असं कुणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

(समासात, वेगळ्या अक्षरात) व्याहीबुवा, स्टुलं दोन आहेत. रोज संध्याकाळी एकावर हे आणि एकावर तुमचा मुलगा, कपाटात डोकी घालून बसतात आणि जेवायला हाका मारल्या तरी उठत नाहीत. मुलगी म्हणते, आई, असू दे. तेव्हा जमलं तर ढकलाच पाळी. मी लिहिलंय हे यांना कळू देऊ नका. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून एवढं साधलं.