जमिनीवर सांगितलेली खूण

प्रिय दादा,

तुला पत्र लिहायला मला दोन वर्षं लागली. तू होतास तेव्हाही कधी लिहिलं नव्हतं म्हणा. फोन होता, आणि तोही तूच करायचास. आज लिहितोय, कारण सकाळी गुंडूनं मला एक गोष्ट सांगितली, आणि ती पोटात ठेवून एसटीत बसणं मला जमेना. तुझ्या धक्क्याशेजारच्या बागेत बसलोय, सिमेंटच्या माशाखाली.

बाग म्हणजे आता काय रे! तुझ्या वेळी हा मासा सोडला तर चार सुरूची झाडं आणि एक मोडका झोपाळा होता. आता फरशी आहे, तिकिटाची खिडकी आहे, 'समुद्रात मासे गरवायला चला' असा मोठा बोर्ड आहे. लोक माशाच्या उघड्या तोंडात डोकं घालून फोटो काढतात. त्याचा एक डोळा कोणीतरी निळा रंगवलाय नि दुसरा तसाच ठेवलाय. रंग संपला की रंगवणारा पळाला, याचा विचार करत मी अर्धा तास घालवला. बघ, सांगायचं काय आणि सांगतोय काय.

तर सकाळी मी तिकीट काढून मोठ्या बोटीत बसलो. मला वाटलं कोणी ओळखणार नाही. पण तुझ्या होडीवरचा गुंडू आता त्या बोटीवर असतो. गिऱ्हाइकांच्या हातात गरी देता देता माझ्यापाशी आला नि म्हणाला, "काय रे बाबल्या, गिऱ्हाईक होऊन इलंस?" मी हसलो. तो हसला नाही.

इंजिन मंदावलं तेव्हाच मला कळलं आपण कुठं आलो. तरी सवयीनं जमिनीकडे बघितलं. देवळाचा कळस बरोबर जागेवर होता, दुसरी खूणही बसली होती. खाली आपला खडक. म्हणजे रामाकाकाचा. आजूबाजूला आणखी पाच बोटी नांगर टाकून उभ्या होत्या, दादा! प्रत्येकावर गाणी. कोल्हापूरच्या एका बाईची गरी जड झाली, सगळे धावले, तर ती खडकात अडकलेली. तासाभरात कोणाच्याच गरीला मासा लागला नाही. जिथं तू दोनच तांबोशी मासे घेऊन मुकाट परत फिरायचास, तिथं!

तुला आठवतं, तू मला ती खूण दिलीस तो दिवस? आपण भातवाले, आईच्या मते समुद्र फक्त बघायचा. तरी रामाकाका तांडेलानं तुला होडीवर हाताशी धरलं. त्याला मूल नव्हतं. त्यानं तुझ्याकडून दर्यात नारळ सोडवून घेतला, मग सांगितलं: किनाऱ्यावरची कुठली वस्तू कशाच्या आड गेली की होडी खडकावर आली. देताना दोन अटी घातल्या. खूण आयुष्यात एकालाच द्यायची. आणि द्यायची ती पाण्यावर, जमिनीवर तोंडातून काढायची नाही.

तू तो एक म्हणून मला निवडलंस. का रे? मी नववीत शाळा सोडलेला, फोंडाघाटात हॉटेलात चार महिने, विजयदुर्गाला दोन, कुठंच न टिकणारा. तू म्हणालास, "हीच खूण तुका परत घराक आणतली." मी वल्हं धरून बसलो होतो आणि मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

मग मी ती जमिनीवर सांगितली. याच बागेत, याच माशाखाली, हातात सोड्याची बाटली घेऊन. मोठ्या बोटीचा मालक कोणाला तरी बढाया मारत होता, की या किनाऱ्यावरची एकही जागा त्याला ठाऊक नाही असं नाही. मला कोणी विचारलं नव्हतं, दादा. कोणी काही देऊही केलं नव्हतं. त्याची जिरवावी एवढंच मनात आलं, आणि मी बोटानं कळस दाखवला. त्यानं मोबाईल काढून ते टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी खडकाकडे जाताना त्यानं मला त्याच्या बोटीचं सुकाणू धरायला दिलं आणि मी खूश!

आई पावसाळ्यात अळंब्या आणते ती जागा तिनं सख्ख्या शेजारणीला कधी दाखवली नाही. दाखवली की दोन वर्षांत तिथं काही उगवत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. तरी मला समजलं नाही.

पुढचं तुला ठाऊक आहे. खडक रिकामा झाला तसा तू लांब जायला लागलास, त्या एवढ्याशा होडीतून. शिमग्याच्या आधी एका दुपारी वारा फिरला. गुंडूला ताप होता म्हणून तू एकटाच होतास. होडी संध्याकाळी मिळाली, तू दोन दिवसांनी. मी तेव्हा कुठं होतो ते मलाही नीट सांगता येत नाही. फोन बंद होता. पोचलो तो बाराव्याला.

दोन वर्षं मी स्वतःला एकच सांगत आलो, की निदान दादाला कळलं नाही कोणी सांगितलं ते. या एका गोष्टीवर मी जेवत होतो, झोपत होतो. आज बोट परत फिरल्यावर गुंडू माझ्याशेजारी दोर गुंडाळत बसला नि माझ्याकडे न बघताच बोलला.

"तेका पयल्याच दिवशी समाजला. थंय खडकार दुसरी बोट बघल्यान, इंजिन बंद केल्यान आणि तो किती येळ तसोच बसलो. मगे तो माका म्हणालो, बाबलो लहान आसा, कोणाक सांगू नको."

मग त्यानं उरलेलं सांगितलं. रामाकाका तोवर गेला होता, आणि त्याच्या माघारी काकीला वाटलं, तूच जागा विकलीस. साऱ्या धक्क्याला तसंच वाटलं. "काकीन तेका दारात उभो करून घेवक नाय. तरी तो गप रवलो." एवढं बोलून तो उठून गेला.

का गप्प राहिलास? एक शिवी तरी घालायचीस! खूण फुटल्यानंतरच्या चतुर्थीला मी घरी आलो होतो. मी स्टुलावर चढून गणपतीवरची फळापानांची माटवी बांधत होतो आणि तू खाली स्टूल धरून उभा होतास. तुला सगळं माहीत होतं. "पडशीत, सांभाळ," एवढंच म्हणालास. दादा, तेव्हा स्टूल सोडलं असतंस तर बरं झालं असतं रे. तुझ्या या चांगुलपणानं मला काय दिलं? आता मला कोणाकडे माफी मागायची तेही उरलं नाही.

मघाशी वर लिहिताना कळस कशाच्या आड जायला हवा ते लिहायला हात गेला होता. लिहिलं नाही. आता लपवून काय होणार, सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहे. तरी नाही लिहिलं.

इथून काकीचं अंगण दिसतं. ती वाळत घातलेली कोकमाची सोलं उलटून ठेवतेय, वाकून, एक हात कमरेवर. तीन वेळा उठलो आणि तीन वेळा बसलो. कुडाळची एसटी मघाशी लागली होती, माझे पाय आपोआप तिकडे वळले, आणि गुंडू धक्क्यावरून बघत होता. ती आत्ता गेली. मी चढलो नाही.

यानं काही परत येणार नाही, मला ठाऊक आहे. तू नाही, तांबोशी नाही. काकी कदाचित दारही लावून घेईल, आणि तिचं बरोबरच असेल. पण खूण पाण्यावर सांगायची असते, आणि हे जमिनीवरच सांगायला हवं, तिच्या अंगणात, गुंडूला सोबत उभं करून. दादान सांगूक नाय, मी सांगलंय. एवढंच वाक्य. पुढच्या एसटीच्या आधी ते मी बोलेन, हा शब्द तुला देतो. माझ्या शब्दाचं काय होतं ते तुझ्याइतकं कोणाला माहीत, तरी देतो.

कागद घडी करून खिशात ठेवतो आणि उठतो.

ज्याचं स्टूल तू धरून उभा होतास तो,
तुझा बाबलो