माझं नाव 'आवं'

रविवार, संध्याकाळ. मिरज.

सुजाता नर्स म्हणून परदेशातल्या निर्वासितांच्या छावणीत गेली, तेव्हापासून चपात्या मीच करतोय. आज तव्यावर चपाती टाकली आणि तिचा फोन आला. "आवं, अजून महिनाभर थांबू का? माणसं कमी पडत्यात हितं." मला रागच आला. पोरगी रोज विचारते, आई कवा येणार. तिला काय सांगू?

तेवढ्यात सुजाताच्या मागून छावणीतली पोरं ओरडली, "आवं! आवं!" माझं नावच 'आवं' आहे असं वाटतंय त्यांना! सुजाताला हसू आवरेना. पोरीनं फोन ओढून घेतला आणि तीही लागली ओरडायला. दोन्हीकडून नुसता दंगा. रागवायचं राहूनच गेलं. "थांब," म्हटलं.

फोन ठेवला तर पोरगी म्हणते, "आवं, चपाती करपली."