गजूच्या नावाचा गिलास

१२ नोव्हेंबर २००६
आली एकदाची बालाघाटले! राजेगावले बस थांबली तं गरमागरम भजे हाणले. खोली झकास हाय, अंगणात पेरूचं झाड. काम बी नवंच, दारूच्या सर्वेचं. कॉलेजचे पोट्टे पीत बसले असतानाच त्याइले मोबाइलवर विचाराचं, "आता किती गिलास?" त्याइनं तिथूनच आकडा पाठवाचा. सकाळी विचारलं तं खोटं सांगतेत म्हणे. माहा धाकटा भाऊ गजू इथंच शिकत होता. मागच्या साली एका बैठकीत प्याला, उठलाच नाही. काहून प्याला असंन, तेच मले समजून घ्याचं हाय.

१५ नोव्हेंबर
गजूचा दोस्त तेजराम अन् त्याची मंडळी तयार झाली. तेजराम म्हणे, ताई, पहिला गिलास आम्ही गजूच्या नावानं जमिनीवर ओततो, तो कोणाच्या आकड्यात धराचा? मेलेल्याले दोन थेंब सगळेच देतेत, हे बयाडे, येडे कुठचे, पुरा गिलास देतेत! हसली, मंग लई रडली. म्हटलं, त्याच्याच आकड्यात धरा. गजूचा नंबर माह्या फोनमधून काढलाच नव्हता. त्यालेबी मेसेज लावला.

१८ नोव्हेंबर
गजूच्या नंबरवरून उत्तर आलं. "एक."
त्याचा फोन बाबानं चितेवर ठेवलता. मी डोळ्यानं पाह्यलं. तेजरामवर भडकली, असा मजाक करतेत काय रे? त्याचं तोंड पांढरं पडलं. आईची शपथ घेतली बिचाऱ्यानं.

२१ नोव्हेंबर
आज पोट्ट्याइनं त्याच्यासाठी तीन ओतले. गजूचा मेसेज आला, "तीन." मंग, "ताई, तू हायस?"
हौ रे बाबू, हौ. दिवसभर फोन पोटाशी धरून बसली.

२४ नोव्हेंबर
पोट्टे भ्याले. पिणंच सोडलं म्हणे. किती चांगलं झालं — अन् मले त्याइचा रागच आला. फोन मुका. पेरूखाली अद्रकचा चहा ओतला, त्याले आवडे तसा. काही नाही. दूध ओतलं. काही —

२५ नोव्हेंबर
बाटली मीच आणली. एक गिलास ओतला. लगेच आलं: "ताई, पाजू नको. इथंबी सुटत नाही. लई जळते."

२६ नोव्हेंबर
नाही ओतणार. तुही शपथ, गजू. नाही —
फोन मुका.

२७ नोव्हेंबर
एकच. एकदा ताई म्हण, मंग बाटली फोडून टाकते —
ओतला. "ताई, नको."
आला! बोल ना रे. अजून बोल —
अजून एक ओतला. अजून एक. बाटली सरली —
काहून गप्प झाला? आता किती गिलास, गजू? सांग ना, आता कि —