खिळ्यांवरची म्यानं

लाँगरीच,
ता. ९ फेब्रुवारी १९८८

ती. डेझलीताईस,
लायलचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुझ्या भावजयीचं, जोनचं, गुडघ्याचं दुखणं चालूच आहे. पाऊस नाही, मेंढरं धुळीत तोंड घालून उभी असतात. त्यामुळे नवी खोगिरं कोणी शिवून घेत नाही, जुनीच दुरुस्तीला येतात. आता कामाचं.

तू पाठवलेलं पुडकं काल पोचलं. बाबांनी घडवलेल्या सगळ्या सुऱ्यांतून मी एकच मागितली होती, काळ्या लाकडाच्या मुठीची, रानडुक्कर सोलायची. पुडकं सोडलं तर सुरी मी शिवलेल्या म्यानात. बाबा होते तोवर माझी म्यानं भिंतीवर खिळ्यांना रिकामी लटकत होती. ते गेल्यावर तुला सुऱ्यांना अंगरखे घालायची हौस आलेली दिसते.

हौस असो, पण सुरी बाहेर येईना. म्यान टेबलाला आवळून दोन्ही हातांनी ओढली तेव्हा कुठे निघाली, आणि तिच्याबरोबर तपकिरी भुगा सांडला. पात्यावर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. मुठीजवळचं पितळ हिरवं. ज्या पात्यावर बाबा स्वतःच्या बोटाचा ठसासुद्धा राहू देत नसत, त्याची ही दशा. तुला काय, तू ऊसवाल्याची बायको. तुला सुरी म्हणजे भोपळा कापायचं हत्यार.

बाबिंडात भिंतींनासुद्धा बुरशी येते. बाकीच्या सुऱ्या तिथे एक दिवसही ठेवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्या सगळ्या पेटीत घालून मालवाहू गाडीने इकडे पाठवून दे. इथली हवा कोरडी आहे. मी कमरेला लावतो ती सुरी बाबांनीच दिलेली, ती इतकी वर्षं माझ्याच म्यानात आहे, तिच्यावर गंजाचा ठिपका नाही. आमच्याकडे वस्तू सांभाळतात.

कोलभावजींना नमस्कार सांग. लोभ आहेच असं धरून चालतो.

लायल

*

बाबिंडा,
ता. १८ फेब्रुवारी १९८८

चि. लायल यास,
डेझलीचे अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. वाचून कोल म्हणाला की उत्तर देऊ नकोस. पण मी बाबांची मुलगी आहे, पत्राला उत्तर द्यायची शिस्त मला आहे. ती तुला असती तर बरं झालं असतं.

इकडे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. कपडे वाळत नाहीत, ब्रेड दुपारपर्यंत टिकत नाही. कोलला गाळप सुरू होईपर्यंत कारखान्यात काम नाही, म्हणून तो दिवसभर घरात बसून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतो. म्हणजे तुझी उणीव तशी भासत नाही.

सुऱ्या मी पाठवणार नाही. तुझ्या कोरड्या हवेत त्या मुठींना तडे जातील, हे तुला शिकवायला हवं का? आणि तोंड वर करून मागतोस कोणत्या हक्काने? बाबांच्या दफनाला आलास, चर्चच्या मागच्या बाकावर बसलास आणि तिथूनच मोटारीत बसून चालता झालास. घरी चहालाही आला नाहीस. बायकांनी केक करून आणले होते, ते तुझं नाव घेत घेत त्यांनीच संपवले.

सुऱ्या हव्या असतील तर इथे ये. दारातून आत ये, आपल्या हाताने उतरव आणि घेऊन जा. मी अडवणार नाही. पण पेटीत घालून गाडीवर चढवायच्या नाहीत, हे माझं शेवटचं सांगणं.

जोनला गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरायला सांग. लोभ ठेवणं न ठेवणं तुझ्याकडे.

डेझली

*

लाँगरीच,
ता. २६ फेब्रुवारी १९८८

ती. ताईस नमस्कार.

मी त्या घरात पाऊल टाकणार नाही, हे मी बाबांना त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं आणि कारणही सांगितलं होतं. मी शिकाऊ असताना वर्षभर शिवून, त्यांच्या एकेका सुरीच्या मापाने घडवून जी म्यानं दिली, ती त्यांनी मेलेल्या वटवाघळांसारखी भिंतीला टांगली. एकाही सुरीला त्यात जागा दिली नाही. आल्यागेल्याला दाखवायचे, लेकाने केलीत म्हणून, आणि सुऱ्या मात्र शेडमधल्या खणात फडक्यात गुंडाळलेल्या. जी वस्तू वापरायच्या लायकीची नाही ती भिंतीवर लावतात, एवढं मला कळतं. तुमच्या सुऱ्या माझ्या म्यानांत दिसतील तेव्हाच येईन, असं मी म्हणालो होतो. आता ते नाहीत आणि यायचं कारणही उरलं नाही.

तू हट्टाने सुऱ्या कुजवत बसली आहेस. मी बंडाबर्गला मर्वकाकांना लिहिलं आहे. बाबांच्या बरोबरीने भट्टीवर उभे राहिलेले तेच एक आता उरलेत. कोणाचं चुकतंय ते त्यांनाच सांगू दे. मग बघू तू काय तोंड दाखवतेस.

लायल

*

बंडाबर्ग,
ता. ७ मार्च १९८८

चि. लायल यास,
मर्वकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. हात थरथरतो म्हणून हे शेजारच्या शाळामास्तरीणबाईंकडून लिहवून घेतोय. त्यांना माझी भाषा आवडत नाही, त्यामुळे काही शब्द त्यांनी गाळले असतील, ते तू मनाने घाल.

तू पात्याचं जे वर्णन केलंस त्यावरून सुरी बरेच महिने म्यानात होती. ती म्यानात घातली कोणी? तुझा बाप व्हर्न तर घालणार नाही. चामडं कमावलेलं कितीही चांगलं असो, ते हवेतली ओल पिऊन बसतं आणि त्यातला आंबटपणा पोलाद खातो. पितळ हिरवं होतं तेही त्यानेच. सुरी कमरेला लावून रोज वापरली, रोज पुसली तर चालतं, तुझी म्हणूनच टिकली. पण ठेवायची झाली तर लोकरीचं तेल लावून, मऊ फडक्यात, चामड्यापासून लांब. बाबिंडासारख्या ठिकाणी तर हे व्हर्नच्या शेडमध्ये झाडू मारणाऱ्यालाही पाठ होतं. तुला कोणी सांगितलं नव्हतं याचं मला नवल वाटतं.

म्यानं रिकामी होती ती म्हणूनच, वेड्या. तू त्यावरून बापाशी भांडलास हे मला तुझ्या पत्रातूनच कळलं. व्हर्न बोलला नाही कधी. तो बोलायचाच नाही.

बाकीच्या सुऱ्याही म्यानात असतील तर ताबडतोब बाहेर काढायला सांग. पडलेले खड्डे आता जायचे नाहीत, पण पुढचं थांबेल. बहिणीला फार बोलू नकोस.

तुझा,
मर्वकाका

*

लाँगरीच,
ता. १४ मार्च १९८८

डेझली,

नमस्कार लिहायचा होता, हात वळला नाही.

काकांचं पत्र आलं. सोबत पाठवतोय, वाच. चामडं पोलाद खातं, हे त्या शेडमध्ये वावरलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी पंधराव्या वर्षी खोगीरवाल्याकडे गेलो, मला कोणी सांगितलं नाही. पण तू तिथेच वाढलीस. दर रविवारी बाबांच्या शेजारी बसून सुऱ्या पुसल्यास. तुला माहीत होतं.

म्हणजे बाबांचे डोळे मिटल्यावर तू ठरवून एकेक सुरी म्यानात घातलीस. त्यांची हयातभराची मेहनत कुजावी आणि ती कुजवली माझ्या चामड्याने असं दिसावं म्हणून. आणि वर मला नमुना पाठवलास. ये, दारातून आत ये, आपल्या हाताने उतरव, असं गोड गोड लिहिलंस ते यासाठी. मी येऊन भिंतीसमोर उभं राहावं आणि तू मागे उभी राहून मजा बघावीस.

भांडणं आपली लहानपणापासूनची आहेत. पण इतका विखार तुझ्यात असेल असं वाटलं नव्हतं. मी महिनाअखेरीस ट्रक पाठवतोय. ड्रायव्हरबरोबर वकिलाची चिठ्ठी असेल. सुऱ्या गेल्या की तुझं माझं नातं संपलं. जोनने तुला कळवायला सांगितलंय की तिला यात ओढू नये.

लायल

*

बाबिंडा,
ता. २१ मार्च १९८८

चि. लायल,

आशीर्वाद लिहीत नाही. मागाहून वाटलं तर शेवटी लिहीन.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग कोलला वाचायला दिलं. तो तुला लिहायला बसला होता. मी त्याच्या हातातून कागद काढून घेतला, कारण हे मीच लिहायला हवं. तुला सांगू नकोस म्हणून बाबांनी मला बजावलं होतं. मी आजवर तोंड शिवून बसले. तू मला निष्काळजी म्हणालास, अडाणी म्हणालास, ते ऐकून घेतलं. पण विखारी म्हणालास, ते मात्र मी ऐकून घेणार नाही.

सुऱ्या म्यानात मी नाही घातल्या. बाबांनी घातल्या.

तू भांडून गेलास त्या दिवशी मी त्यांना म्हटलं होतं की तुम्ही त्याला सांगून का टाकत नाही, की चामडं मानवत नाही पोलादाला. ते म्हणाले की पोराचं पहिलं काम आहे ते, ते माझ्या कामाला मारक आहे असं कुठल्या तोंडाने सांगू. दर रविवारी ते आधी सुऱ्या पुसायचे आणि मग तुझी म्यानं. म्यानांना जास्त वेळ लागायचा. टाक्याटाक्यांत बोट घालून मेण चोळायचे. बुरशीचा ठिपका दिसला की दिवसभर बेचैन. म्यानं भिंतीवर होती कारण घरात ती सगळ्यात कोरडी भिंत होती. ही तुझी वटवाघळं.

मग शहाऐंशी साली तुझं ते चार ओळींचं पत्र आलं. त्यात तू लिहिलं होतंस, नाताळला यायचं बघू. तुझं बघू म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. बाबांना ते वचन वाटलं. नोव्हेंबरात एका सकाळी मी शेडमध्ये गेले तर त्यांनी सगळ्या सुऱ्या फडक्यांतून बाहेर काढल्या होत्या आणि एकेक करून तुझ्या म्यानांत बसवत होते. सगळ्या नीट बसल्या. माप किती बरोबर घेतलंय बघ, असं मलाच दाखवत होते. मग त्या दारासमोरच्या भिंतीवर ओळीने लावल्या. मी म्हटलं, बाबा, डिसेंबरचा पावसाळा तोंडावर आलाय, गंज चढेल. त्यावर ते जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते.

"चढू दे. तो दारातून आधी भिंतीकडे बघेल."

तू आला नाहीस. जोनच्या बहिणीचं लग्न निघालं. नवीन वर्ष लागल्यावर मी सुऱ्या काढायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. ईस्टरला येईल म्हणाले. ईस्टर गेला. भर पावसात एक दिवस टाक्यांतून तपकिरी पाणी झिरपून खाली भिंतीवर ओघळ आले. मी भांडले त्यांच्याशी, रडलेसुद्धा. तुमचे हात गेले यात, तुमचे डोळे गेले, असं म्हणाले. त्यांनी फडकं आणलं आणि चामड्यावरचे डाग पुसले. आतल्या सुरीला हात लावला नाही. तेव्हापासून रोज डाग पुसायचे आणि फाटकाचा आवाज झाला की भिंतीवरची म्यानं सरळ करायचे. बहुतेक वेळा पोस्टमन असायचा.

मी तुला तेव्हा तीनदा लिहिलं होतं की ये, बाबा वाट बघताहेत. तू उत्तरात जोनचा गुडघा कळवलास.

जाण्याआधी त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. लायलने बघेपर्यंत उतरवू नकोस. आणि हे त्याला कळू देऊ नकोस, तो जन्मभर बोचणी लावून घेईल. दुसरी मी आज मोडली. तू मोडायला लावलीस. पहिली अजून पाळते आहे. सुऱ्या आहेत तिथेच आहेत. रोज आत काहीतरी खाल्लं जातंय हे मला दिसतं आणि मी हात बांधून बसते. एक तुला पाठवली ती तू मागितलीस म्हणून, आणि ती बघून तरी तू धावत येशील असं वाटलं म्हणून. तू ट्रक पाठवतोस.

पाठव. ड्रायव्हरला मी फाटकाबाहेर उभा ठेवीन.

काकांच्या पत्राची पोच त्यांना वेगळी दिली आहे. आशीर्वाद द्यावेत असं अजूनही वाटत नाही. जोनला मात्र सांग, माझा तिच्यावर राग नाही.

डेझली

*

लाँगरीच,
ता. २८ मार्च १९८८

ताई,

ट्रक येत नाही. मी येतोय. बस गुरुवारी दुपारी बाबिंडाला पोचते. कोलभावजींना घ्यायला पाठवू नकोस, मी चालत येईन. मला कोणाशी बोलायचं नाही, तुझ्याशी तर नाहीच. ते गप्प बसले, तू गप्प बसलीस, आणि घरातला मूर्ख मी ठरलो. हा राग माझा राहू दे.

मी येईपर्यंत एकाही सुरीला हात लावू नकोस. ओढायला जाशील तर मूठ हातात येईल आणि पातं आतच राहील. त्या आता ओढून निघायच्या नाहीत. म्यानं शिवणीवरून कापावी लागतील, सगळीच्या सगळी. चामडं कापायचं माझं हत्यार मी घेऊन येतोय. टाके मी घातलेत, ते मीच कापीन. सुरी मोकळी झाली की पुसून घ्यायला फडकी आणि लोकरीचं तेल काढून ठेव.

पण हे सगळं आल्याबरोबर नाही. आधी थोडा वेळ मी दारात उभा राहीन. तेव्हा मागे कोणी येऊ नका. भिंतीवरून काही उतरवू नकोस आणि ओघळही पुसू नकोस.

लोभाचं आल्यावर बघू.

लायल