हात मागे, नजर पुढे

३ जानेवारी
संकल्प: यंदा कॉलेजच्या स्पर्धांमध्ये नाक खुपसायचं नाही. गेल्या वर्षी गोळाफेकीच्या मुलीला फक्त दोन सूचना केल्या, तर ती रडलीच. आजकालच्या मुली फार हळव्या. हे म्हणाले, तू कॉलेज कधीच सोडलंस, आता कॉलेजलाही सोड. ह्यांना टीम-स्पिरिट काय कळणार? जन्मभर कॅरम खेळले.

५ जानेवारी
सहज कॉलेजवरून गेले. (दोन बस बदलून, पण सहजच.) रिलेच्या मुलींचा सराव चालला होता. बॅटन देताघेताना नुसता गोंधळ. बघवेना, आत गेले. शेवटची धाव ज्या मुलीची, तिला सगळ्या चिमणी म्हणतात. वाऱ्यासारखी पळते, पण बॅटन घेताना मागे वळून बघते! आमच्या वेळी खेळ शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, बघायचं नाही. हात मागे करायचा आणि विश्वास ठेवायचा. तेव्हा शेवटची धाव माझी असायची. अजून झोपेत हात मागे जातो. ह्यांच्या नाकावर बसतो.

११ जानेवारी
खेळाच्या बाई फार गोड आहेत. म्हणाल्या, मावशी, रोज एवढ्या लांबून कशाला त्रास घेता? किती ती काळजी! उद्यापासून लवकर निघेन.

१९ जानेवारी
प्राचार्यांनी बजावलंय: यंदा चषक नाही, तर पुढच्या वर्षी रिलेचा संघच नाही. बाईंचा चेहरा उतरला. मी म्हटलं, मी आहे ना. आणखी उतरला.

२८ जानेवारी, सकाळ
आज फायनल. जुने कॅनव्हासचे बूट चढवले. बाईंनी मला पाण्याच्या बाटल्या सांभाळायला दिल्यात, मैदानाच्या पार टोकाला. जबाबदारीचं काम. संकल्प पाळणार. फक्त चिमणीजवळ जरा उभी राहीन, धीर द्यायला.

२८ जानेवारी, संध्याकाळ
आमची तिसरी मुलगी सगळ्यांच्या पुढे. चषक हातात आल्यासारखाच. आणि चिमणी मागे बघत उभी! मी ट्रॅकवर जाऊन ओरडले, बघू नकोस, हात मागे कर. कसा, ते दाखवायला माझा हात मागे केला. तिसरी मान खाली घालून पळत आली. समोर हात दिसला, तिने दिलं.
तळहातावर बॅटन बसलं, आणि मी पळाले.
मागे न बघता. सगळं मैदान ओरडत होतं. वाटलं, माझ्यासाठीच. चिमणी शेजारून पळत होती, रडत म्हणत होती, मावशी, द्या ना, मावशी, अहो द्या! वळणावर गुडघा अडला, तेव्हा दिलं.
संघ बाद. पंच जरा आडमुठेच होते.

३० जानेवारी
बाई घरी आल्या होत्या. रागावल्या नाहीत. रिलेचा संघ बंद झाला, एवढंच म्हणाल्या. चिमणी परवापासून जेवली नाही म्हणे. दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा विचारलं, माझा हात बरोबर होता ना? म्हणाल्या, हो मावशी, हात अगदी बरोबर होता.
मग बराच वेळ मी दारातच उभी.
ह्यांनी माळ्यावरून कॅरम काढला, पुसला, पावडर टाकली. म्हणाले, बस.
बसले.