पडद्याकडे पाठ

आबा,

काल दुपारी तो सिनेमा पुन्हा बघितला. दोन भावांचा, ज्यात धाकटा भांडून बोटीवर निघून जातो. पहिल्यांदा लागला तेव्हा आपण तुर्भ्यात राहत होतो. शेजारच्यांनी रविवारपुरता व्हीसीआर भाड्याने आणला होता आणि त्यांच्या एका खोलीत अख्खी चाळ दाटीवाटीने बसली होती. काल आम्ही तिघीच होतो, आई, मी आणि तुमची नात, इथे करंजाड्याच्या घरी, सोफ्यावर पाय वर घेऊन. नात तुम्ही पाहिली नाहीत, ती तुमच्यानंतर झाली. आता कॉलेजात जाते. नाक तुमच्यावर गेलंय.

आता कॅसेट नसते आबा. महिन्याची वर्गणी भरायची की टीव्हीतच सिनेमांचं दुकान उघडतं. रिमोटने चाळत बसायचं, पाहिजे तो लावायचा, पाहिजे तिथे थांबवायचा, भाजीला फोडणी देऊन आलं की पुढे. हा आपला सिनेमा फार जुना म्हणून वर्गणीत बसत नव्हता, वेगळा भाड्याने घ्यावा लागला. एकदा सुरू केला की दोन दिवस आपला, मग तो आपोआप जातो. कुणी परत द्यायला जायचं नाही, की कुणी मागायला दारात येत नाही. पण यातलं तुम्हाला सगळ्यात काय आवडलं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे. खाली अक्षरं येतात. नव्या मालिकांना तर मराठीतसुद्धा येतात. पहिल्यांदा पोरीने ती चालू केली तेव्हा मी ओट्याशी होते. सहज मान वळवली तर पडद्याच्या तळाशी लिहिलेलं, "दार वाजतं." मग, "लांब कुत्रा भुंकतो." मिक्सर बंद केला आणि तशीच उभी राहिले. पोरगी म्हणाली, "काय गं आई, काय झालं?" म्हटलं, काही नाही, हे काम पूर्वी माझ्याकडे होतं.

कारखान्यात पत्र्याची झाकणं कापणाऱ्या प्रेसवर तुम्ही उभे राहायचात. कानात कापूस कोंबून जायचात, आणि तरी माझ्या जन्माच्या आसपास उजवा कान गेला, मी शाळेत जायला लागले तोवर डावाही. आई म्हणते, आधी तिला वाटलं तुम्ही रागावलात म्हणून उत्तर देत नाही. तुमचं बोलणं मोठ्याने व्हायला लागलं तशी बाकीच्यांनाही तुम्ही रागीट वाटायला लागलात. मला कधी वाटलात नाही. टीव्हीसमोर सगळे हसले की तुम्ही एक क्षण उशिरा हसायचात, आमच्या तोंडाकडे बघून. ते मी कधीतरी बघितलं आणि उठून तुमच्यासमोर येऊन बसले, पडद्याकडे पाठ करून. कानाने ऐकायचं आणि आवाज न काढता ओठांनी तुम्हाला सांगायचं. कुणी शिकवलं नाही, आपलं आपल्यालाच जमलं. त्यामुळे झालं असं, की माझ्या लहानपणीचे कितीतरी सिनेमे मी बघितलेच नाहीत. मी ते ऐकले, आणि तुमचा चेहरा बघितला.

तुम्ही मला एकदाच रागावलात त्यावरून. मी रंगवून सांगायला लागले होते, आता हिरो खूप चिडलाय, आता तिला वाईट वाटतंय, असं. तुम्ही हात वर करून मला थांबवलंत आणि तुमच्या त्या मोठ्या आवाजात सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणालात, "गोष्ट मला दिसतीया. ते बोलत्यात काय, तेवढंच सांग." लोक हसले. मला रडू आलं होतं. पण त्या दिवसापासून मी मधला पाला काढून नेमकं सांगायला शिकले. आज महाप्याच्या ऑफिसात मीटिंग संपली की काय ठरलं ते चार ओळींत लिहून काढायचं काम माझ्याकडेच येतं. साहेब विचारतात, हे तुम्हाला कसं जमतं.

त्याच सवयीने तात्याचं लग्नातलं बोलणंही तुम्हाला सांगितलं. गावाकडे चुलत आत्याचं लग्न होतं. मी आठ वर्षांची असेन. तात्या, तुमचा पाठचा भाऊ, पंगतीत जिलेबी वाढत होता. कुणीतरी म्हणालं, दादाला विचार की अजून हवी का. तात्याने मिशीवर बोट फिरवलं, स्वतःच्या कानाकडे दाखवलं, काहीतरी बोलला आणि पंगत हसली. त्या भरघोस मिशीमागचे ओठ तुम्हाला वाचता आले नाहीत. तुम्हीही हसलात, एक क्षण उशिरा. परतताना एसटीत तुम्ही मला विचारलंत, "तात्या काय म्हनला?" मी शब्दाला शब्द सांगितलं, "दादाच्या कानाशी बँड वाजवला तरी त्याला कळायचं न्हाई." तुम्ही मान हलवलीत, खिडकीबाहेर बघत बसलात, आणि पुढची तीन वर्षं तात्याचं नाव घरात निघालं नाही. त्याची पत्रं आली, ती तुम्ही न फोडता फळीवर ठेवलीत. आई मला एकदाच म्हणाली, "समदं सांगायचंच असतं व्हय गं?" तेव्हा मला कळेना की माझं काय चुकलं. तेवढंच सांग असं तुम्हीच तर सांगितलं होतंत.

आणि मग तो व्हीसीआरचा रविवार. सिनेमाच्या शेवटी थोरल्या भावाला पत्र येतं. पत्र वाचणारा आवाज सुरू झाला, धाकट्याच्या कुणा सोबत्याचा. परक्या बंदरात ताप आला, औषध मिळालं नाही, शेवटपर्यंत दादाची आठवण काढत होता, असं बरंच काही. माझ्या मागे बायका मुसमुसायला लागल्या. मी तुमच्याकडे बघून ओठांनी सांगितलं, "बरा आहे म्हणतोय. दिवाळीला घरी येतो." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि हळू म्हणालात, "बरं झालं." इतक्या हळू बोललेले तुम्ही मला आठवत नाही.

पुढच्याच रविवारी तुम्ही गावाला गेलात, एकटे. दोन दिवसांनी आलात ते तात्याला घेऊनच. आई चुलीपुढून उठून बघत राहिली. तात्याला ओळखायलाच वेळ लागला आम्हाला, कारण मिशी नव्हती. गावात ज्या मिशीवरून त्याला हाक मारायचे ती सफाचट. तुम्ही म्हणे बोलता बोलता त्याला म्हणाला होतात, की मिशीमुळं तू काय बोलतोस ते दिसत न्हाई. तो उठला आणि न्हाव्याकडे जाऊन आला. नंतर कधी वाढवली नाही. तुम्ही गेलात त्याच्या दहाव्याला बाकीच्यांनी डोकं भादरून घेतलं, तात्या ओठांवरून हात फिरवत म्हणाला, मी तर पंधरा वर्षं आधीच दादासाठी भादरून बसलोय. आणि तिथेच खाली बसून रडला.

आपल्या घरात ही गोष्ट अशी सांगितली जाते, की पोरीने तोडलं होतं ते पोरीनेच जोडलं. सिनेमातलं मरण तिने बापाला कळू दिलं नाही, गोड शेवट सांगितला, आणि तो ऐकून बापाला भावाची ओढ लागली. तात्याने ती सगळ्या पाहुण्यांत सांगितली. आईने माझ्या सासरी सांगितली. मीही सांगितली आबा, पुष्कळदा, आणि दर वेळी मला बरं वाटलं. माझ्या पोरीला तर ती पाठच आहे. म्हणून काल तो सिनेमा यादीत दिसला, धक्क्यावर उभे दोन भाऊ, तेव्हा तिनेच उडी मारली. "आई, हाच ना? लावूया!"

शेवट आला. आई पदर घेऊन तयारच बसली होती. दाराशी पोस्टमन येतो, थोरला पाकीट फोडतो, आणि मी पहिल्यांदा समोर तोंड करून ते बघत होते. आवाज सुरू झाला आणि त्याबरोबर पडद्यावर पत्र आलं. अख्खा पडदाभर पत्र. टपोऱ्या, सुवाच्य मराठी अक्षरात, शाईने लिहिलेलं. तेव्हाचे सिनेमे तसेच असायचे, पत्र दाखवलं की सावकाश सगळ्यांना वाचता येईल एवढा वेळ दाखवायचे. तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, आपला भाऊ आता आपल्यात राहिला नाही.

पोरीने सिनेमा थांबवला. "एक मिनिट. आई, आजोबांना वाचता येत होतं ना?"

मी म्हटलं, "पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे."

"मग त्यांनी हे वाचलंच असणार ना! तुझी पाठ होती, तुला दिसलं नाही. त्यांना तर समोरच होतं."

मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडं काय बघतीस? मला कुठं वाचाय येत होतं तवा. मी आपली रडत होते."

पत्र तसंच पडद्यावर थांबलेलं. तुम्ही ते वाचलं होतंत, मी तोंड उघडायच्या आधीच. माझ्या डोक्यावरून पलीकडे, आरामात. आणि मग माझ्या ओठांवरची ती दिवाळी वाचलीत, आणि म्हणालात बरं झालं. मी उठून बाल्कनीत गेले, दोरीवरचे वाळलेले कपडे काढत बसले. पोरगी मागून आली. "रागावलीस? मी उगाच बोलले का?" म्हटलं, नाही गं, तू नेमकं तेच सांगितलंस.

आज सकाळी तात्याला फोन लावला. आता तो ऐंशीच्या घरात आहे, पण आवाज खणखणीत. विचारलं, आबा त्या वेळी गावाला आले तेव्हा सिनेमाचं काही बोलले होते का. तात्या म्हणाला, "सिनेमाचं न्हाई काय. दारात पिशवी टाकली आन् माझं दोन्ही दंड धरलं. बरा हाईस न्हवं, बरा हाईस न्हवं, धा येळा इचारलं असंल. मला वाटलं ह्याला कुनी सांगितलं का काय, मी मेलो म्हनून. मी म्हटलं, दादा, मला काय धाड भरलीया? तवा हसला." मग म्हणाला, "का गं? आज काय एकदम?" मी म्हटलं, असंच, आठवण आली.

म्हणजे तुम्ही गेलात ते माझ्या गोड शेवटामुळे नाही. खरा शेवट वाचून गेलात. आणि तरी पुढे तात्या चारचौघांत माझं कौतुक करायचा तेव्हा तुम्ही मान डोलवायचात, त्याच्या बोडक्या ओठांकडे बघून. एकदाही म्हणाला नाहीत, की अगं, समोर लिहिलं होतं सगळं. लग्नातलं ते वाक्य शब्दाला शब्द सांगितल्याचं माझ्या मनाला लागलं होतं. तीन वर्षं मी फळीवरच्या त्या बंद पाकिटांकडे बघायचं टाळायचे. ते तुम्ही पाहिलं असणार, तुमच्या डोळ्यांतून काही सुटायचं नाही. तात्या तर तुम्ही स्वतः जाऊन मिळवलात, पण मिळवल्याचं नाव मला देऊन टाकलंत, आणि ते मी आयुष्यभर वापरलं. बाहेरच्या जगात घाबरले तेव्हा, ऑफिसात नवीन होते तेव्हा, मी मनाशी म्हणायचे की मी लहान असताना दोन भाऊ एकत्र आणले होते. एवढं मोठं काहीतरी तुम्ही मला दिलंत आणि दिल्याचं कळूही दिलं नाहीत. त्यासाठी हे लिहायला बसले. कुठल्या पत्त्यावर टाकणार, ते मलाही कळतंय. आईला वाचून दाखवावं असं वाटलं होतं, पण पुढचं तिला ऐकवायचं नाही, म्हणून हे माझ्या वहीतच राहील.

तुम्हाला त्या दिवशी वाटलं असेल की पोरगी आपलं मन जपतेय. सगळ्यांना तेच वाटलं, आणि मीही तेच वाटू दिलं. पण आबा, तुमचं मन जपण्याचं माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. पत्र लांबत चाललं होतं, माझे ओठ दुखत होते, आणि बाहेर मैत्रिणी लंगडीसाठी मला हाका मारत होत्या. मला कंटाळा आला होता.