आठव्या गाण्यातली हजेरी

५ जानेवारी
नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं — गळ्याचा कॅन्सर. स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज परत येणार नाही. चौदाला ऑपरेशन. पुढचं सगळं बोलणं कागदावर; म्हणून आजपासून सराव. अक्षर अजून चांगलं आहे!

६ जानेवारी
लेकीच्या, आम्रपालीच्या बँडचा अल्बम आमच्याच धानाच्या खोलीत रेकॉर्ड होतो आहे. भिंतींना छतापर्यंत पोती — आवाज घुमत नाही म्हणे. सात गाणी झाली, आठवं बाकी. बाराला माझा भाऊ महेंद्र धान खरेदी केंद्रावर नेणार. त्याआधी उरका, म्हटलं.

८ जानेवारी
लोकेशचे ड्रम म्हणजे टिनांवर गारा! दारात जाऊन ओरडले — "शांत बसा!" तेवढ्यानेही आवाज फाटला. माइक चालू होता. लोकेश माझाच जुना विद्यार्थी. कान पकडून उभा. "मॅडम, ये तो रखना पड़ेगा!"
पुसून टाक, म्हटलं.

९ जानेवारी
"आई, आठव्या गाण्यात तुझा आवाज दे न."
"काहून? मी मरून राह्यली का?"
"नाही. पण मले पाहिजे."
फाटका आवाज लोकांना कशाला ऐकवायचा? नाही म्हणाले. आम्रपालीने वाद घातला नाही. तेच खटकलं.

१२ जानेवारी
महेंद्र ट्रॅक्टर घेऊन हजर. आठवं गाणं अर्धंच. पोती गेली की खोली घुमणार.
"बाई, आजचा स्लॉट गेला तं दुसरा नाही भेटत."
"जाऊ दे."
"तुले गाणं केव्हापासून समजाले लागलं?"
"समजत नाही. काम अर्धं सोडत नाही."
ट्रॅक्टर रिकामा परत.
मग माइकसमोर उभी राहिले. गाता येत नाही. शाळेत एकतीस वर्षं जे केलं तेच केलं — लोकेशच्या वर्गाची हजेरी घेतली. अजून पाठ आहे! प्रत्येक नावाला सगळा बँड — "उपस्थित, मॅडम!" शेवटी आम्रपालीचं नाव जोडलं. ती त्या वर्गात नव्हती. तिला उत्तर देता येईना. थांबवलं, पुन्हा घेतलं. दुसऱ्यांदा नीट झालं.

१३ जानेवारी
नागपूरला निघाले. बॅगेत दोन वह्या, चार पेन.

२ फेब्रुवारी
अल्बम आज आला. नाव — 'शांत बसा'! पुसायला सांगितलेलं पहिल्याच गाण्यात. रागावायला तोंड उघडलं. काही निघालं नाही. लोकेशने तरी कान पकडले.

४ फेब्रुवारी
आम्रपालीला दिली — धानाच्या खोलीची किल्ली, एक.
तिच्याकडून मिळाला — पेनड्राइव्ह, एक. त्यात हजेरीचा पहिला, अल्बममध्ये न घेतलेला तुकडा. आम्रपालीचं नाव. मग कोणीच नाही. मग माझा आवाज, अगदी हळू —
"रडू नको. मी आहो न."
मिळाला. सही.